माझा एकही फर्मा हलवू नका

मित्रांनो, माझ्या पाठीवर नाव छापलेले नाही, त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुने, बांधीव पुस्तक आहे. अंगावर हिरवे रेक्झिन, कोपऱ्यांना कापड आणि जाडी इतकी की ओळखीचे लोक मला ठोकळा म्हणतात. माझ्या पोटात एक नाही, पाच पुस्तके आहेत. त्यांत भुते आहेत, शेळ्या आहेत, गझला आहेत, तारे आहेत आणि एक प्रेमकहाणीही आहे. बरे, ती एकामागून एक अशी शहाण्यासारखी बसलेली नाहीत, तर एकमेकांत पार मिसळून गेली आहेत. तुम्हाला हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. मला त्याची सवय आहे आणि आता त्याचे काही वाटतही नाही.

माझी मालकीण द्रौपदाबाई. नरडाण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ती परिचर होती. बिथरलेले वासरू धरून ठेवायचे, सुया उकळायच्या, औषधाच्या बाटल्या भरायच्या, ही तिची कामे. शाळा सातवीत सुटली, पण वाचायची गोडी काही सुटली नाही. तिच्याकडे पाच बारीक पुस्तके होती आणि ती कोणी निवडून दिलेली नव्हती. ज्या वाटेने जे आले, ते तिने जीव लावून वाचले.

भुताच्या गोष्टींचे पुस्तक तिला धुळ्याहून येणाऱ्या एसटीच्या सीटवर सापडले. कंडक्टर म्हणाला, "ठेवा अक्का, भुतं मागायला कोणी येत नाही." शेळ्यांच्या रोगांची पुस्तिका दवाखान्यात गठ्ठ्याने आली होती. बाकीच्या प्रती उंदरांनी संपवल्या आणि एक द्रौपदाबाईने. गझलांचे पुस्तक उर्दू, पण देवनागरी अक्षरांत छापलेले आणि अवघड शब्दांचे अर्थ तळाला दिलेले. ते आठवडी बाजारात जुन्या वह्यांच्या ढिगात मिळाले. तारे ओळखायचे पुस्तक तिचा भाऊ युवराज याला शाळेत बक्षीस मिळाले होते. त्याने ते कधी उघडले नाही, म्हणून हिने आणले. आणि प्रेमाची कादंबरी मात्र तिने धुळ्याच्या स्टँडवर स्वतः निवडून घेतली होती. कव्हरवरचे चित्र कोणाला दिसू नये म्हणून तिला वर्तमानपत्राचा कागद घातला होता.

या पाचांची पाने निसटू लागली, तेव्हा ती सगळी पिशवीत घालून द्रौपदाबाई धुळ्याला पाचव्या गल्लीत नजीरभाईंच्या दुकानी गेली. नजीरभाई म्हणजे पुस्तके बांधणारा पक्का कारागीर. शाळा-कॉलेजांचे, कचेऱ्यांचे काम त्यांच्याकडे यायचे. त्यांनी पुस्तके हातात घेऊन विचारले, "अक्का, पाच वेगवेगळी बांधू ना?"

"नही, पाची एकमाच बांधी द्या," द्रौपदाबाई म्हणाली. "येगळं येगळं ऱ्हायनं का लोके लई जातस, परत देतस नही. एवढा मोठा ठोकळा कोन लई जाई?"

सुटी पुस्तके लोक नेतात आणि परत देत नाहीत, एवढा ठोकळा कोण नेणार, असे तिचे म्हणणे. म्हणजे ठोकळा हे नाव मला जन्माआधीच मिळाले होते. नजीरभाई हसले आणि कामाला लागले.

आता माझ्या जन्माची खरी हकिकत ऐका. पुस्तक छापताना मोठ्या कागदाची घडी घालून सोळा-सोळा पानांचा एकेक गठ्ठा होतो. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने लावायचे आणि एकेक करून दोऱ्याने शिवायचे, ही जुजबंदी. त्या वर्षांत धुळ्यात लोडशेडिंग जोरात होते. वीज गेलेली, म्हणून नजीरभाई दारातल्या उजेडात बसून माझे सत्तावीस फर्मे लावत होते. पंख्याचे बटण मात्र चालूच राहिले होते आणि तेही पाचवर. वीज ठरलेल्या वेळेआधी आली. पंखा गरगरला आणि माझे फर्मे दुकानभर उडाले. काही पुस्तके दाबायच्या शिकंज्याखाली गेले, एक खळीच्या डब्याला चिकटला. पाचही पुस्तके एकाच मापाची, कागद सारखाच पिवळा. नजीरभाईंनी ते गोळा केले, वरवर लावले आणि शिवले. कॉलेजच्या रजिस्टरांची घाई होती, म्हणून पुन्हा तपासले नाही. मग कटरवर कडा कापताना खालची बाजू जरा जास्त गेली आणि माझे सगळे पृष्ठांकही गेले.

परतीच्या एसटीत द्रौपदाबाईने मला उघडले. भुताची गोष्ट रंगात आली होती. विहिरीपासून ओली पावले उमटत आली, ओसरी चढली, दारापाशी थांबली. दाराची कडी हळूच वाजली. आणि

आणि पान उलटले तर पुढे छापलेले होते, "शेळीला प्रथम सावलीत बांधावे, कोमट पाण्यात मीठ-साखर घालून पाजावे आणि तिच्याजवळ कोणीतरी बसून राहावे."

द्रौपदाबाईने पुढची पाने चाळली. तारे सांगत होते, "सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांतून रेघ ओढावी. ती रेघ तशीच पुढे नेली की" आणि पुढच्या पानावर कादंबरीचा नायक सायकल घेऊन फाटकाशी उभा होता. गझल म्हणत होती, "हम ठहरे रहे दर पर, वो बात बदल बैठे" आणि त्यावर उत्तर मिळत होते, "अशी लक्षणे दिसल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे." शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारले की काय झाले, कारण द्रौपदाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

पुढच्या आठवड्यात तिने मला दुकानी नेऊन दाखवले. नजीरभाईंचा चेहरा पडला. पंख्याची सगळी कथा सांगून ते म्हणाले, "गलती माझी आहे अक्का. ठेवून जा. उसवून नीट लावून देतो."

"ऱ्हाऊ द्या," द्रौपदाबाई म्हणाली. "माले आते हाई आसंच आवडस."

खरे सांगतो, त्या दिवशी मला तिचा राग आला होता. मला वाटायचे, आपणही चारचौघांसारखे असावे. पहिल्या पानावर सुरू व्हावे, शेवटच्या पानावर संपावे आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत एक नाव असावे. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत द्रौपदाबाई मला उघडायची, तेव्हा तिथल्या झाडूकाम करणाऱ्या कुंदाबाई विचारायच्या, "काय वं, भूत आज शेळीवर बसनं का?" सगळे हसायचे. मी पाने मिटून घ्यायला बघायचो. द्रौपदाबाई मात्र खुशाल सांगायची, "बसनं ना. आनि शेळी त्याले भ्यायनीच नही."

मग एक वर्ष वाईट आले. द्रौपदाबाईचा नवरा अचानक गेला. त्यांची मुलगी मृणाली तेव्हा दहा वर्षांची होती. तिने बोलणेच सोडले. जेवेना, शाळेत जाईना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. आलेगेले लोक सतरा उपाय सांगून गेले. द्रौपदाबाईला त्यातले एकही पटेना. तिने मला उघडले. मी तिच्या हातात नेहमीच्या जागीच उघडलो, कडी वाजते तिथे. तिने पुढचे वाक्य वाचले, मला बाजूला ठेवले आणि मुलीचे अंथरूण दारातल्या कडुनिंबाच्या सावलीत नेले. मीठ-साखरेचे कोमट पाणी चमच्याने पाजले. आणि ती नुसती जवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तशीच आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मृणाली म्हणाली, "आई, पुस्तक वाच." द्रौपदाबाईने भुताची गोष्ट सुरू केली. कडी वाजली आणि मुलगी ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "शेळीला प्रथम सावलीत बांधावे." ते तिने आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते, की तिच्या दृष्टीने गोष्ट तशीच होती.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी लाजणे सोडून दिले. सरळ लावलेल्या पुस्तकात कडी वाजल्यावर भूत आत आले असते. त्या भुताचा त्या घराला काय उपयोग झाला असता, ते मला कोणीतरी सांगावे.

मृणाली शिकली आणि धुळ्याला शाळेत शिक्षिका झाली. द्रौपदाबाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आली आणि तिच्याबरोबर मीही. तिथे बैठकीत काचेचे कपाट होते. त्यात मृणालीची पुस्तके होती, सगळी एका उंचीची, पाठीवर ठळक नावे असलेली. मी त्यांच्यात बसेना. मला खालच्या खणात वीजबिलांच्या पिशवीखाली ठेवले गेले. तिथे मी तीन उन्हाळे काढले. त्या धुळीपेक्षा मला एका गोष्टीचे जास्त वाईट वाटायचे. घरात पाहुणे आले की द्रौपदाबाई वाचनाबद्दल काही बोलायची नाही. नरडाण्याला कुंदाबाईंना उत्तर देणारी ती बाई इथे गप्प बसायची.

आणि मग यंदाच्या हिवाळ्यात तो कार्यक्रम ठरला. मृणाली ज्या वाचनालयाच्या समितीवर आहे, तिथे "एक वाचक, एक पुस्तक" असे कपाट मांडायचे होते. प्रत्येक वाचकाने आपले सर्वांत आवडते पुस्तक आणायचे आणि त्याबद्दल पाच मिनिटे बोलायचे. मग ते पुस्तक वाचकाच्या फोटोसह काचेत ठेवायचे. यादी करायला अभिमन सर घरी आले. हे वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त मुख्याध्यापक, स्वभावाने चांगले पण रकाना रिकामा राहिला की बेचैन होणारे. द्रौपदाबाईने मला खणातून काढून पुसले आणि त्यांच्यापुढे ठेवले. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ते जुने हसू होते.

सरांनी मला उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. "अक्का, विषयाच्या रकान्यात काय लिहू?" त्यांनी विचारले. "तारे चांगले आहेत. गझलही चालेल. पण भुतं आणि शेळ्या नकोत. चार मोठी माणसं येणार, तुमच्या लेकीची शोभा व्हायला नको."

मृणालीचे कान लाल झाले. सर गेल्यावर ती म्हणाली, "आई, नजीरभाईंकडून ताऱ्यांचं तेवढं वेगळं करून आण ना. बाकीचं घरात ठेव, कोण नाही म्हणतंय?"

द्रौपदाबाईने मला उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाली, "बरं."

ते "बरं" मला फार लागले. उंदरांनी कुरतडले असते तरी इतके लागले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन पाचव्या गल्लीत गेली. नजीरभाई आता खूप थकले आहेत. डोळ्यांना नीट दिसत नाही, खुर्चीवर बसून असतात. दुकान त्यांची मुलगी जैनब चालवते आणि हाताने बापाइतकीच पक्की आहे. मी नजीरभाईंच्या मांडीवर आलो. त्यांनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही शिलाई माझी. पंखावाली किताब आहे ना ही?"

"हो," द्रौपदाबाई म्हणाली. "आते उसवनी शे."

नजीरभाईंनी मला जैनबकडे दिले. जैनबने पाते घेतले आणि माझा पुठ्ठा सोडवला. वीस वर्षांहून जास्त अंगावर असलेले हिरवे रेक्झिन निघाले आणि मी उघड्या शिलाईनिशी टेबलावर पडलो. मला भीती वाटली, ती लपवत नाही. मग तिने दोऱ्याखाली पाते घातले आणि थांबली.

"अक्का, पानांवर नंबरच नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कशापुढं काय येतं. मग मी कापून पाच ढीग करते." तिने पहिल्या फर्म्याचे शेवटचे पान मोठ्याने वाचले. "दाराची कडी हळूच वाजली. आणि... आता याच्यापुढचं कोणतं?"

"शेळीला प्रथम सावलीत बांधावे," द्रौपदाबाई चटकन म्हणाली.

जैनब हसली. "ते नाही अक्का. भुताचं पुढचं."

भुताचे पुढचे कुठे आहे, हे द्रौपदाबाईला ठाऊक होते. ते सायकलवाल्या नायकानंतर येते. जैनबने पुन्हा विचारले. द्रौपदाबाईने हात पुढे केला आणि पात्यावर ठेवला.

"थांब पोरी. कापू नको." तिने मला स्वतःकडे ओढले. "मना धनी गया तव्हय मनी पोर बोलेना. हाई एवढंच वाचीसन मी तिना जोडे बसनू, आनि ती उठनी. भूत एकीकडं आनि शेळी एकीकडं करं, तं मी कथी ऱ्हासू? हाई बठ्ठं मनं शे. व्हतं तसंच बांध." भूत आणि शेळी वेगळी केली तर मी कुठे राहू, हे सगळे माझेच आहे, असे ती सांगत होती.

नजीरभाई खुर्चीतून म्हणाले, "अक्का, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाल्या होत्या. मी इतकी वर्षं समजत होतो, तुम्ही माझी इज्जत राखायला म्हणालात."

जैनबने मला नवा पुठ्ठा चढवला. रेक्झिन हिरवेच घेतले. पाठीवर काय नाव छापू म्हणून विचारले, तर द्रौपदाबाईने कोरीच ठेव म्हणून सांगितले. घरी जाऊन तिने मला कागदात गुंडाळून ठेवले आणि मृणालीला काहीच सांगितले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालय भरले होते. मंचावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि माईक. लोक एकेक करून आले आणि एकेका वजनदार पुस्तकावर बोलून गेले. द्रौपदाबाईचे नाव पुकारले गेले. तिने मला टेबलावर ठेवले, तेव्हा धप्प असा आवाज झाला. अभिमन सरांनी चष्मा वर केला. पहिल्या रांगेतल्या मृणालीने मला पाहिले आणि मान खाली घातली.

द्रौपदाबाई शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "माझं आवडतं पुस्तक हे एक आहे, पण यात पाच आहेत. त्यातली एक गोष्ट सांगते." तिने भुताची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट फार छान सांगते. विहिरीपासून ओली पावले आली, ओसरी चढली, दारापाशी थांबली. "दाराची कडी हळूच वाजली. आणि..."

इथे तिची नजर लेकीच्या खाली घातलेल्या मानेवर गेली. ती तिथेच अडकली. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसले. एकाने "भूत आलं वाटतं" म्हटले आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत पसरत आले. मी टेबलावर पडून होतो. मला तोंड असते तर मीच ओरडलो असतो.

तेवढ्यात मृणाली उभी राहिली.

"शेळीला प्रथम सावलीत बांधावे," ती म्हणाली. माईक नव्हता, पण शाळेत शिकवणाऱ्या बाईचा आवाज होता, तो मागच्या भिंतीपर्यंत गेला. "कोमट पाण्यात मीठ-साखर घालून पाजावे आणि तिच्याजवळ कोणीतरी बसून राहावे."

हसू जागच्या जागी थांबले. मृणाली मंचावर आली. तिने रिकामी खुर्ची आईच्या शेजारी ओढली आणि बसली. मग माईक हातात घेऊन म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा मी बोलत नव्हते. या ओळीने मला बोलतं केलं. परवा मीच आईला हे पुस्तक कापून आण म्हणून सांगितलं होतं. माझी चूक झाली." एवढे बोलून तिने माईक परत दिला. द्रौपदाबाईने गोष्ट पुरी केली, शेळीपासून ताऱ्यांपर्यंत, ताऱ्यांपासून फाटकावरच्या सायकलीपर्यंत, आणि शेवटी भूत आले तेव्हा त्याला कोणी घाबरले नाही.

अभिमन सर कार्ड घेऊन आले. पुस्तकाचे नाव, लेखक हे दोन्ही रकाने त्यांनी रेघ मारून सोडले. तिसऱ्यावर मात्र त्यांचा हात अडला. "अक्का, विषय तरी सांगा," ते हळूच म्हणाले.

"लिखा," ती म्हणाली, "द्रौपदाबाई."

सरांनी तिच्याकडे पाहिले, मग मृणालीकडे पाहिले आणि वळणदार अक्षरात तसेच लिहिले.

मित्रांनो, आज मी त्या काचेच्या कपाटात आहे. उभा मावत नाही, म्हणून मला आडवे ठेवले आहे. माझी तक्रार नाही. रविवारी द्रौपदाबाई येते, कपाट उघडायला लावते आणि ज्याला हवे त्याला मला वाचून दाखवते. तुम्हीही या. हात कोरडे ठेवा, पानांचे कोपरे दुमडू नका, आणि जुने पुस्तक फाटले तर ते रद्दीत देण्याआधी एखाद्या जैनबला दाखवा. तुमचे आवडते पुस्तक कोणते, असे कोणी विचारील. तेव्हा तुमच्या ओठांवर चार नावे आली आणि चारांचे एकमेकांशी पटत नसले, तर चारही सांगा. विचारणाऱ्याचा रकाना लहान असेल तर त्याने मोठा करून घ्यावा. मला कुठूनही उघडा, कितीही हसा. पण माझा एकही फर्मा हलवू नका.